तासाच्या ठोक्याची दहा मिनिटं

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. नवऱ्याला मीडियम वेव्हवर दूरदूरची स्टेशनं पकडायचा नाद आहे, त्याला 'डीएक्सिंग' म्हणतात. डिसेंबरात साडेचारला अंधारतं आणि घरून काम करणारे हे गृहस्थ पाचच्या आत हेडफोन लावून बेसमेंटमध्ये गायब. मुलांचा अभ्यास, जेवणं, भांडी सगळं ताईंवर. सकाळी सूर्योदयाला पुन्हा तेच. डब्यांची वेळ तीच आणि पुण्याला सासूबाईंना फोन करायचीही तीच. "रेडिओ सरळ विकून टाकू का?" असं त्यांनी विचारलंय.

ताई, विकू नका. आमच्याही घरात असाच एक प्राणी आहे. दिव्यांमुळे रेडिओत खरखर येते म्हणून ह्यांनी एकदा स्वयंपाकघरातले एलईडी दिवे बंद केले आणि उरलेल्या चार पोळ्या मी मोबाइलच्या उजेडात केल्या. चौथी करपली. ती कुणाच्या ताटात गेली, ते तुम्ही ओळखलंच असेल.

पण एक लक्षात घ्या, वेळ त्यांनी हट्टाने निवडलेली नाही. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर मीडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरून परतून हजार-बाराशे किलोमीटरवर उतरतात. नॅशव्हिलचं ६५० किलोहर्ट्झवरचं स्टेशन तुमच्याकडे रात्रीच लागतं ते त्यामुळे. उन्हाळ्यात विजांची कडकड मध्ये येते, त्यामुळे "जूनमध्ये ऐक की" म्हणण्यात अर्थ नाही.

मात्र एक गोष्ट हे लोक आपण होऊन सांगत नाहीत. अमेरिकेत प्रत्येक स्टेशनला दर तासाला, ठोक्याच्या आसपास, आपली कॉल लेटर्स, म्हणजे ओळखीची अक्षरं, आणि गाव सांगावं लागतं. स्टेशन कुठलं ते बहुधा तेव्हाच पक्कं होतं, म्हणून यांचा सगळा जीव त्या दहा मिनिटांत. उरलेली पन्नास मिनिटं जाहिराती, खेळाच्या गप्पा आणि खरखर.

तेव्हा संध्याकाळचे पाच आणि सहाचे ठोके त्यांचे. तेवढी दहा-दहा मिनिटं त्यांना हाक मारू नका. बाकीच्या वेळी ते वर, मुलांच्या वह्यांपाशी. एसडीआर, म्हणजे संगणकाला जोडायचा रेडिओ, घेतला तर अख्खा मीडियम वेव्ह पट्टा एकदम संगणकावर रेकॉर्ड होतो, मुलं झोपल्यावर ऐकत बसू दे. "लाइव्हची मजा नाही त्यात," असं म्हणतील. नाहीच! पण गार वरणभातालाही मजा नसते, आणि तो तुम्ही किती दिवस खाताय?

शाळेच्या दिवशी सकाळचं ऐकणं बंद. याला तडजोड नाही. त्या बदल्यात हिवाळ्यात महिन्यातून एका शनिवारी रात्रभर बसू दे आणि रविवारी दहापर्यंत झोपू दे, टोमणा न मारता. पुढचा रविवार तुमचा. अंगणात अँटेनाची तार ताणायचं निघालंच, तर वस्तीच्या असोसिएशनचे नियम आधी वाचा.

राहिला सासूबाईंचा फोन. आई त्यांची आहे. आठला शाळेची बस गेली की त्यांनीच लावायचा. पुण्यात तेव्हा साडेसहा झालेले असतात, सासूबाई दिवेलागण उरकून निवांत बसलेल्या असतात.