तारीख सांग

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेल वाचला. त्यात तुमच्या बुडालेल्या सहकारी बँकेचं अख्खं संचालक मंडळ आहे. कुणी मेव्हण्याच्या नावावर कर्ज उचललं, कुणी तारण न बघता सही ठोकली, कुणी पडीक जमिनीचं मूल्यांकन फुगवून घेतलं, सगळं तारीखवार. ठेवीदारांना मात्र एकच ओळ मिळाली आहे: 'काउंटरवर रोज गर्दी असते, त्यांना काय सांगावं कळत नाही.'

अगं, तुझं काम त्या एका ओळीत आहे. सहकार कायद्याच्या कलम ८३ चे चौकशी अधिकारी आहेत, ८८ खाली नुकसान वसूल करणारे आहेत, आर्थिक गुन्हे शाखा आहे. ते बरं करतील नाहीतर वाईट करतील. तुला अवसायकांच्या, म्हणजे बुडालेल्या बँकेचा कारभार गुंडाळणाऱ्यांच्या, हाताखाली बसवलंय ते लोकांचे पैसे लोकांना पोचवायला, आणि पोचवायचे म्हणजे कधी पोचतील हे सांगायला. तारीख सांग. मी आयुष्यभर हेच म्हणत आलो आणि त्यापायी पुष्कळ बोलणी खाल्ली.

तू विचारतेस, साहेब म्हणतात बँकेचा तो प्लॉट आत्ता विकला तर पडेल भावात जाईल, थांबलो तर दुप्पट येतील, मग घाई केली तर नुकसान ठेवीदाराचंच ना? प्रश्न चुकीचा नाही, पण त्यात तू फक्त 'किती' विचारतेस.

मला अवसायनाच्या कामावर टाकलं तेव्हा न्यूयॉर्कच्या एका बुडालेल्या बँकेबद्दल मिळेल ते वाचत सुटलो होतो. 'आले साहेब, अमेरिकेची बँक घेऊन' अशी ऑफिसात चेष्टा व्हायची. होऊ दे. तुलाही ती गोष्ट ऐकवणारच आहे.

बँक ऑफ युनायटेड स्टेट्स. नाव सरकारी, बँक खासगी. १९१३ साली जोसेफ मार्कस यांनी काढलेली. ग्राहक बहुतेक स्थलांतरित ज्यू, कपडे शिवायच्या कारखान्यांतले कामगार, गल्लीतले दुकानदार. पुढे मुलाच्या, बर्नार्ड मार्कसच्या हाती कारभार गेला आणि बँक भराभर फुगली. इतर बँका गिळल्या, मोठमोठ्या इमारतींना कर्जं दिली, स्वतःचेच शेअर स्वतःच्याच खातेदारांच्या गळ्यात मारले. हा शेवटचा उद्योग लक्षात ठेव, पुढे लागेल.

१० डिसेंबर १९३० ला ब्रॉन्क्समधल्या फ्रीमन स्ट्रीटच्या शाखेत एक छोटा व्यापारी या बँकेचे आपले शेअर विकायला गेला. अधिकाऱ्यांनी त्याला समजावलं, आत्ता विकू नका. तो बाहेर येऊन म्हणाला, बँक माझे शेअर घ्यायला नाही म्हणते. निदान वर्तमानपत्रांनी तरी असंच छापलं. दुपारपर्यंत रस्त्यावर वीस-पंचवीस हजार माणसं जमली, पोलीस बोलवावे लागले. त्या एका शाखेतून दिवसभरात सुमारे २० लाख डॉलर बाहेर गेले. एक गडी दोन तास रांगेत उभा राहिला, त्याच्या खात्यावर शिल्लक होती २ डॉलर.

हे वाचून लोक हसतात. मला कधी हसू आलं नाही. त्या माणसाला डॉलरपेक्षा एक उत्तर हवं होतं, आणि ते आजच हवं होतं.

पण मला रात्री झोपू देत नाही ती दुसरीच गोष्ट. त्या दिवशी पैसे काढायला आलेल्या हजारो लोकांपैकी बहुतेक जण पैसे न काढताच परत गेले. बँकेच्या लोकांनी सांगितलं, काळजी करू नका, तुमचा पैसा सुरक्षित आहे, घरी जा. ते गेले. दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबरला, राज्याचे बँक अधीक्षक जोसेफ ब्रॉडरिक यांनी बँक ताब्यात घेतली. सुमारे ४ लाख खातेदार बाहेर, पैसा आत. ज्यांनी विश्वास ठेवला तेच अडकले. आता तू काउंटरवर 'काळजी करू नका' म्हणतेस ना? ते आजपासून बंद. धीर देऊ नकोस, तारीख दे.

आदल्या रात्री ब्रॉडरिक यांनी शहरातल्या बड्या बँकर्सच्या अक्षरशः नाकदुऱ्या काढल्या होत्या. तीन बँकांमध्ये विलीनीकरणाची योजना तयार होती, ३ कोटी डॉलरचा आधार हवा होता. तो मिळाला नाही. बँक ज्यूंची म्हणून हात झटकले असं काही अभ्यासक म्हणतात, काही ते खोडून काढतात. त्या वादात मी पडत नाही.

बंद झाल्यावर काय झालं ते बघ. शहरातल्या इतर बँकांनी खातेदारांना अडकलेल्या ठेवीच्या निम्म्यापर्यंत कर्ज देऊ केलं. स्वतःचेच पैसे व्याज भरून उसने घ्यायचे! तरी लोकांनी घेतले, कारण घरभाडं महिन्याच्या महिन्याला द्यावं लागतं. आणि ज्यांनी बँकेच्या भरीला पडून शेअर घेतले होते त्यांची गत तर त्याहून वाईट. तेव्हाच्या कायद्यानं भागधारकावर दुहेरी दायित्व असे. बँक बुडाली की शेअरची किंमत गेली ती गेलीच, वर दर्शनी मूल्याएवढी रक्कम पुन्हा भरायची. एका शेअरमागे २५ डॉलर. म्हणजे ठेव अडकली, शेअर कागद झाला आणि वसुलीची नोटीस घरी आली, तीही एकाच माणसाच्या. शेजारच्या न्यू जर्सीत राहणाऱ्या भागधारकांवर दावा लावता येतो की नाही, हे भांडण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं. १९३५ साली निकाल लागला, लावता येतो.

आता तुझ्या 'किती'कडे येतो. अखेरचा हिशेब झाला तेव्हा देण्यांपैकी ८३.५ टक्के भरून निघाले होते. अर्थशास्त्रज्ञ हा आकडा पुरावा म्हणून देतात: ऐन मंदीत मालमत्ता विकूनही एवढे आले, म्हणजे बँक इतकी काही पोकळ नव्हती. असेलही. पण ते ८३.५ टक्के काही एका सकाळी हातात पडले नाहीत, हप्त्याहप्त्यानं आले, आणि दरम्यानची वर्षं होती नोकऱ्या गेल्याची. पहिल्या हिवाळ्यात ज्याचं दुकान बसलं त्याला शेवटचा हप्ता कितीही मोठा आला तरी ते दुकान उघडत नाही. टक्केवारीच्या पुढे वर्ष लिहिलेलं नसेल तर ती टक्केवारी मला दाखवू नकोस.

तुझ्या साहेबांना सेंट्रल पार्कच्या पश्चिमेच्या दोन इमारती सांग, सॅन रेमो आणि बेरेसफर्ड. दोन्हींत या बँकेचा पैसा गुंतला होता. १९४० साली दोन्ही मिळून, डोक्यावरचं गहाणकर्ज वगळता, २५,००० डॉलरला गेल्या. बँक बुडून दहा वर्षं होत आली होती! आज तिथला एकेक फ्लॅट कोट्यवधी डॉलरचा आहे म्हणे. म्हणजे थांबणारा शेवटी बरोबर ठरलाच, पण तोवर फ्रीमन स्ट्रीटच्या रांगेतलं कोण उरलं होतं?

साहेबांना उलट विचार, दुप्पट येतील ते कुठल्या तारखेला? गिऱ्हाईक कोण? लेखी दिलंय का? 'पुढेमागे' म्हणाले तर राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती, ठरवून जाहीर लिलावाची तारीख लावा म्हणावं. भाव आला नाही तर पुढची तारीख लावा. पण कागदावर तारीख हवी. मी मातीमोल विकायला सांगत नाहीये, विनातारखेचं थांबायचं नाही एवढंच सांगतोय. यात फरक आहे आणि तो तुला कळतो, उगाच वाद घालू नकोस.

बर्नार्ड मार्कस आणि त्यांचे सहकारी सॉल सिंगर तुरुंगात गेले, सिंग सिंगच्या. ब्रॉडरिक यांच्यावरसुद्धा बँक वेळेत बंद केली नाही म्हणून खटला चालला, १९३२ साली ते निर्दोष सुटले. न्यूयॉर्कला वाचायला भरपूर मिळालं. तुझ्या मेलमधली संचालकांची प्रकरणं वाचताना मला तीच वर्तमानपत्रं आठवली.

त्या देशाला शहाणपण आलं ते 'कधी' कळल्यावर. १९३२ साली रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन ही सरकारी कर्जसंस्था निघाली, आणि तिनं बंद बँकांच्या रिसीव्हरांनाही, म्हणजे तिथल्या अवसायकांनाही, मालमत्तेवर कर्जं दिली. मालमत्ता सावकाश विका, खातेदाराला आत्ता द्या, असा सरळ व्यवहार. १ जानेवारी १९३४ पासून ठेव विमा लागू झाला, सुरुवातीला २,५०० डॉलरपर्यंत. तोवर चार वर्षांत सुमारे ९ हजार बँकांना टाळं लागून गेलं होतं.

आपल्याकडे १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा हालचाल झाली आणि १९६२ पासून ठेव विमा आला, १,५०० रुपयांचा. मर्यादा वाढत वाढत १९९३ साली १ लाख झाली, २०२० साली ५ लाख. पण रिझर्व्ह बँकेनं पैसे काढण्यावर निर्बंध घातलेल्या बँकेतल्या ठेवीदाराला विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळाली पाहिजे, हे कायद्यात लिहायला २०२१ उजाडलं. पुण्याच्या रुपी बँकेवर निर्बंध आले २०१३ साली आणि परवाना रद्द झाला २०२२ साली. पुण्यात कुणालाही विचार, मधली वर्षं कशी गेली. 'किती'वर साठ वर्षं खल केला आपण!

तू म्हणशील, झालं की मग, नव्वद दिवसांत बहुतेकांना मिळाले. तेच तर. ज्यांना मिळाले त्यांचं आधार, पॅन, दुसऱ्या बँकेतलं खातं, सगळं जागेवर होतं. परवाना रद्द झाल्यावर तुझ्यासमोर उरलेत ते बाकीचे. वारस न लावता गेलेले, सुरतेला मुलाकडे राहायला गेलेल्या आजी, पासबुकावर 'कुळकर्णी' आणि आधारवर 'कुलकर्णी' असलेले. शिवाय ५ लाखांच्या वरचे. आणि पतसंस्था! तिचे ४० लाख तुमच्याकडे असतील तर विम्यातून तिला मिळणार ५ लाख, कारण विम्याच्या लेखी ती एकच ठेवीदार. तिच्या मागे शे-दोनशे सभासद उभे असतात आणि पतसंस्थेच्या ठेवीला विमाच नाही. ते काउंटरवर दिसत नाहीत म्हणून नाहीत असं समजू नकोस.

दाव्यांची यादी अवसायकांनी तीन महिन्यांत पाठवायची आणि त्यानंतर दोन महिन्यांत विमा महामंडळानं पैसे द्यायचे, असं कायदा सांगतो. दोन महिने त्यांचे, तीन महिने तुमचे. त्या तीन महिन्यांत तुम्ही संचालकांच्या फायली चाळत बसलात तर उशीर तुमच्या नावावर.

माझ्या वेळी मी हाताखालची बहुतेक माणसं या यादीवर लावली होती. कर्जदारांवरचे वसुलीचे दाखले थोडे मागे पडले, हे खरं आहे. त्यावरून मला नोटीस आली, 'अवसायन कार्यालय म्हणजे समाजसेवा केंद्र नव्हे' असं एक वरिष्ठ भर मीटिंगमध्ये म्हणाले. म्हणोत. एसटीतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक होते. अर्धांगवायूनं उजवा हात गेलेला, त्यामुळे सही जुळत नव्हती, म्हणून त्यांचा अर्ज दर वेळी 'त्रुटी' शेरा मारून परत जाई. आमचा शिपाई आणि एक क्लार्क फॉर्म घेऊन त्यांच्या घरी गेले, डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची साक्ष घेतली. काम झालं. वसुलीचे दाखले पुढच्या तिमाहीत निघालेच, कर्जदाराची जमीन कुठे पळून जात नव्हती. ती नोटीस अजून माझ्या कपाटात आहे, आणि आज पुन्हा त्या खुर्चीवर बसवलं तरी माणसं यादीवरच लावीन.

खंत आहे ती वेगळीच. यादी गेली, पैसे आले, आणि काही पाकिटांवर 'मयत' शेरा मारावा लागला. ते निर्बंधांच्या काळातच गेले होते, माझ्याकडे काम येण्याआधी. त्यात माझा दोष नव्हता हे मला माहीत आहे, तरी त्या पाकिटांची आठवण झाली की 'दुप्पट येतील' म्हणणाऱ्यांवर मी ओरडतो. तुझ्यावरही ओरडतोय, मनावर घेऊ नकोस.

सोमवारी ऑफिस उघडल्यावर दारात फळा लाव. रोज लिही: आज किती अर्ज तपासले, किती त्रुटीत, पुढची यादी कुठल्या तारखेला जाणार. तारीख चुकली तर काय, असं तू विचारणार. चुकू दे. जुनी पुसू नकोस, तिच्यावर रेघ मार, खाली नवी लिही आणि बाजूला कारण. लोक दोन दिवस शिव्या देतील, तिसऱ्या दिवसापासून फळा वाचायला लागतील. '५ लाखांच्या वरच्यांचं काय?' याचंही खरं उत्तर लिही: विमा महामंडळानं दिलेली रक्कम आधी परत करावी लागते, मग त्यांचा नंबर. कडू आहे, पण निदान प्लॉटच्या लिलावाला ते स्वतः येऊन बसतील. त्यांच्यासमोर भाव पाडणं जरा अवघड जातं.

त्रुटीत किती अर्ज पडून आहेत, त्यांतले निव्वळ नावाच्या फरकामुळे किती आणि वारसांअभावी किती, हे वेगवेगळं काढून मला शुक्रवारपर्यंत पाठव. पतसंस्थांची यादी निराळी कर. संचालकांचं त्यानंतर बोलू.

तुझा,
सर