सीझन पास काढला, पण मोठा कोस्टर बंदच: पैसे परत मिळतील का?

प्रश्न: हंगाम सुरू होण्याआधी सवलत होती म्हणून आम्ही एका थीम पार्कचे घरच्यांसाठी चार सीझन पास ॲपवरून काढले. जाहिरातीत सगळीकडे त्यांच्या मोठ्या रोलर कोस्टरचाच फोटो होता. पार्क उघडल्यापासून तो कोस्टर ‘देखभालीसाठी बंद’ आहे, आणि आणखी दोन राइडही बंद आहेत; त्यातल्या एकीपाशी आम्ही एवढ्याशा सेन्सरसाठी तासभर खोळंबलो. आम्हाला हे कळलं ते थेट गेटवरचा फलक वाचून. निम्मा हंगाम सरला. पार्क म्हणतं, ‘राइड पूर्वसूचनेशिवाय बंद राहू शकते, पैसे परत मिळणार नाहीत’ ही अट तुम्ही मान्य केली आहे. फार तर पुढच्या हंगामासाठी कूपन देऊ. त्यांच्या ईमेलची प्रत जोडली आहे. आम्हाला सगळे पैसे परत हवेत. फसवणुकीचा गुन्हाही नोंदवता येईल का? आणि पार्कच्या देखभालीच्या नोंदवह्या कशा मिळवायच्या?

उत्तर: नमस्कार. आधी थोडं कडू बोलतो. ‘राइड बंद होती’ एवढ्याच मुद्द्यावर ग्राहक आयोगापुढे गेलात तर बहुधा हराल.

राइड सुरक्षित वाटत नसेल तर ती बंद ठेवणं हे चालकाचं कर्तव्यच आहे, आणि त्यासाठी कुठलाही आयोग त्याला दंड करणार नाही. इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स पार्कचं उदाहरण बघा. २ जून २०१५ रोजी तिथल्या ‘द स्मायलर’ कोस्टरवर चाचणीची एक रिकामी गाडी रुळावर अडकून पडली होती. संगणकानं मागची गाडी बरोबर रोखून धरली. कर्मचाऱ्यांना वाटलं यंत्रणाच चुकते आहे; त्यांनी तिचा अडसर काढून माणसांनी भरलेली गाडी पुढे सोडली. टक्कर झाली, पाच जण गंभीर जखमी झाले, त्यातल्या दोन तरुणींचा प्रत्येकी एक पाय कापावा लागला. पुढच्या वर्षी चालक कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला. म्हणून ‘एवढ्याशा सेन्सरसाठी तासभर खोळंबलो’ असं जे तुम्ही पत्रात लिहिलं आहे, ते तक्रारीत ठेवू नका. त्यानं तुमचीच बाजू पातळ होते.

तुमची खरी तक्रार वेगळी आहे: बंद राहणार हे माहीत असताना पास विकला.

आता तुम्ही जोडलेला ईमेल नीट वाचू. ग्राहक सेवेतल्या कुणीतरी प्रामाणिकपणे (कंपनीच्या वकिलाला न विचारता, असं दिसतंय) लिहून टाकलं आहे की हंगामाबाहेरच्या बंद काळातल्या तपासणीसाठी गाड्या सुट्या केल्या, तेव्हा चाकांच्या ॲक्सलमध्ये तडे सापडले, आणि नवे भाग निर्मात्याकडून यायचे आहेत. असं होतं. हंगामी पार्कात बंद काळात कोस्टरच्या गाड्या पार सुट्या करतात, जोडाचे आणि भार पेलणारे भाग चुंबकीय किंवा अल्ट्रासॉनिक चाचणीनं तपासतात, कारण धातूतली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. तडा सापडला तर भाग बदलणं भाग असतं आणि तो भाग दुकानात तयार मिळत नाही. इथवर पार्कची काही चूक नाही. पण तडे सापडल्याची जी तारीख त्यांनी दिली आहे, ती तुमच्या पावतीच्या तारखेच्या आधीची आहे. म्हणजे तुमच्याकडून पैसे घेतले त्या दिवशी गाड्या सुट्या होऊन पडल्या होत्या आणि ॲपवर मात्र त्याच कोस्टरचा फोटो झळकत होता. तुमचा सगळा खटला या दोन तारखांवर उभा आहे.

कायदा इथे तुमच्या बाजूला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवा’ या व्याख्येत करमणुकीचा नावानिशी उल्लेख आहे, तेव्हा पार्कला त्यातून निसटता येत नाही. कलम २(११) प्रमाणे ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी आहे. फोटोचा मुद्दा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत येतो. तुमचा मुख्य भर मात्र माहिती दडवण्यावर ठेवा. जाहिरातीचा वाद ‘फोटो केवळ प्रातिनिधिक आहे’ या ओळीत अडकून पडू शकतो.

उरलेल्या दोन राइडना एकाच मापानं मोजू नका. एकीचा वाऱ्याचा वेग मोजणारा सेन्सर हंगाम सुरू झाल्यावर बिघडला, असं त्याच ईमेलमध्ये आहे. ती सोडून द्या. दुसरीची वार्षिक तपासणी बंद काळात व्हायची ती लांबली आणि हंगामात आली. इथे पार्कला उत्तर द्यावं लागेल, पण हा मुद्दा कोस्टरइतका भक्कम नाही, जोडीला ठेवा.

अटीबद्दल तुम्ही उगाच धास्तावला आहात. अशी अट अचानक उद्भवणाऱ्या बंदसाठी असते. आधीच ठाऊक असलेली गोष्ट झाकायला ती वापरता येत नाही, असं म्हणायला तुम्हाला भरपूर जागा आहे. त्यातच कलम २(४७) प्रमाणे त्रुटीयुक्त सेवेचे पैसे पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ती अटच एकतर्फी म्हणून रद्द ठरवून घ्यायची असेल तर राज्य आयोगात जावं लागतं. तुम्ही त्या फंदात पडू नका, जिल्हा आयोगात पैसे मागा.

किती पैसे? सगळे नाहीत. तुम्ही पार्कात जाऊन आलात, बाकीच्या राइडमध्ये बसलात. पूर्ण रक्कम मागितली की समोरचा वकील तुमच्या प्रवेशाच्या नोंदी काढून दाखवेल. पासच्या किमतीतला वाजवी हिस्सा, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च एवढं मागा. घरच्या बाकीच्यांचे पास तुमच्या नावानं घेतले असले तरी बिघडत नाही. खरेदीदाराच्या संमतीनं सेवा वापरणाराही कायद्यानं ग्राहकच आहे.

फसवणुकीच्या गुन्ह्याचं म्हणाल, तर पूर्वीचं ‘चारशे वीस’ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. त्यासाठी पैसे घेतानाच लुबाडण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. विपणन विभागाला देखभाल विभागाचं काम माहीत नव्हतं, एवढा बचावही तिथे पुरेल. ग्राहक आयोगात तो चालत नाही, कारण तिथे कंपनी एकच मानली जाते. पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढची पावलं. आजच ॲपचे, जाहिरातीचे आणि अटींच्या पानाचे स्क्रीनशॉट तारखेसह काढा. पार्क ही पानं बदलेल. गेटवरच्या फलकाचाही फोटो घ्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे तो कुठल्या उपकरणावरून कसा घेतला हे सांगणारं, प्रमाणपत्र जोडा. मग ॲपवरच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. बऱ्याच कंपन्या तिथेच नमतात. नाहीच जमलं तर स्पीड पोस्टनं नोटीस, आणि मग तक्रार. ती तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातच करता येते, पार्कच्या गावी जायची गरज नाही. पासांसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

देखभालीच्या नोंदवह्या कशा मिळवायच्या, हे तुम्ही विचारलं आहे. खासगी कंपनीला माहिती अधिकाराचा अर्ज करता येत नाही. तक्रार दाखल झाल्यावर कागदपत्रं हजर करण्याचा आदेश आयोग देऊ शकतो; तसा अर्ज पहिल्याच तारखेला द्या आणि त्यात तपासणीचा अहवाल व सुट्या भागांची मागणी, दोन्ही तारखांसह मागा. त्याच सुमारास आयोग मध्यस्थीचा पर्याय सुचवेल. तो नाकारू नका. असा अहवाल उघडा करण्यापेक्षा पार्क पैसे देणं पसंत करेल, असा माझा अंदाज आहे.

एक गोष्ट मात्र तातडीची. ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं आहे की कूपन स्वीकारल्यास सर्व दावे संपुष्टात आले असं समजलं जाईल. ते कूपन वापरू नका, ॲपमध्ये ‘स्वीकारा’ही दाबू नका, आणि घरातल्या मुलांनाही तसं सांगून ठेवा.