दुसऱ्या दिवशीचा फोन

"मॅडम, याला नोकरी बघायला सांगा." खुर्चीत टेकायच्या आधीच वडील बोलले. मुलगा 24 वर्षांचा, येरवड्याला पूना क्लबच्या गोल्फ कोर्सवर खेळत मोठा झालेला, दोन वर्षांपूर्वी प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू झालेला. आई त्याच्या हातांकडे बघत होती. उजवा रापलेला, डावा मनगटापर्यंत पांढराफटक. ग्लोव्ह डाव्या हातात असतो ना.

'पोरगं खेळात उतरलंय, पैसे येत नाहीत, कधीपर्यंत थांबायचं?' हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला क्रिकेट-बॅडमिंटनवाले आईबापही विचारतात. गोल्फमध्ये तो जरा जास्तच बोचतो. पीजीटीआयच्या, म्हणजे भारतातल्या व्यावसायिक गोल्फ मालिकेच्या, चार दिवसांच्या स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांचे 36 होल झाले की कट लागतो. वरचे साधारण 50 पुढे खेळतात, बाकीचे बॅग भरतात. बक्षिसाचा रुपया नाही आणि प्रवेश फी, प्रवास, हॉटेल, बॅग वाहणारा कॅडी यांचे पैसे गेलेले. (कट 'मेक करणं' म्हणजे आत राहणं. मी उलटं समजून "अरे वा, तुझा कट नाही झाला!" म्हणाले, तेव्हा पोरगा पहिल्यांदा हसला.)

वडिलांची तोड अशी, की नोकरी धर आणि हौशी स्पर्धा खेळ. पण एकदा प्रो झालं की सहज मागे फिरता येत नाही, हौशी दर्जा परत मिळवायला रीतसर अर्ज करावा लागतो. शिवाय घरात गोल्फर उदयन मानेचं उदाहरण रोज निघायचं. पुण्याचा पोरगा, टोकियो ऑलिंपिकला गेला! मुलगा वैतागून म्हणाला, "अर्जेंटिनाच्या ग्रियोनं माघार घेतली म्हणून त्याला जागा मिळाली. पण तोवर तो रांगेत टिकला, ते नाही कोणी सांगत."

मग त्याच्याशी एकट्याशी बोलले. "अठराव्या होलला चार फुटांचा पट होता, म्हणजे चेंडू होलात ढकलायचा हलका फटका. पटच्या आधी ग्लोव्ह काढतो मी. तो काढताना डोक्यात एकच, बाबांना काय सांगू?" पट हुकला. एका शॉटनं कट गेला. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी, कट लागतो त्याच संध्याकाळी साडेसहाला बाबांचा फोन यायचाच.

"मी फक्त काय झालं विचारतो," वडील म्हणाले. खरंच तेवढंच विचारत होते. मग थोडं थांबून, बायकोकडे न बघता त्यांनी सांगितलं, की पीएफमधून पैसे काढलेत. तिला ते माझ्या खोलीत कळलं. तो तास गोल्फवर गेलाच नाही, आणि माझ्या मते तोच कामाचा तास होता.

पुढच्या वेळी वही घेतली. सीझनला घरातून किती जाणार, तो आकडा आईनं लिहिला. शनिवार-रविवार सरावाच्या रेंजवर नवशिक्यांना शिकवून किती आणायचे, तो मुलानं. सीझन संपला की डिसेंबरात तिघांनी बसायचं, त्याआधी नोकरीचा विषय नाही. कोणी किती वर्षं थांबावं याचा आकडा माझ्याकडे नाही, आणि देणाऱ्यावर मी विश्वासही ठेवत नाही. आणि साडेसहाचा फोन बंद. मुलाला वाटलं तर तो करेल.

वडिलांना हे फार जड गेलं. त्या वेळेला पर्वती चढा, असं मीच सुचवलं. तीन आठवड्यांनी आले ते ओशाळून. "फोन नाही केला मॅडम. पण वर जाऊन लाइव्ह स्कोअर बघितला. एवढं चालतं ना?"

चालतं म्हटलं.