नागपुरातून दिवाळी अंकांना, पुरवण्यांना लिहितो, मानधन मागितलं तर वाईट दिसेल का?

अजिबात नाही, पण मजकूर पाठवायच्या आधी मागा आणि ईमेलवर मागा, सीताबर्डीत चहा पिताना ठरलेलं मानधन अंक निघाल्यावर कोणालाच आठवत नाही. मी इथेच अंकांचं संपादन करते म्हणून सांगते, आम्ही पैसे कोणाला आधी देतो तर जो सांगितलेल्या शब्दांत, युनिकोडमध्ये, तारखेच्या आत देतो आणि तीच कथा दुसऱ्या अंकालाही पाठवून बसत नाही (हे फार होतं बरं का). सोबत बिल जोडा, त्यात लेखाचं नाव, शब्दसंख्या, रक्कम, पॅन, खातं नंबर आणि आयएफएससी, नाहीतर अकाउंटवाला फाईल बाजूला ठेवतो. हक्कांचंही विचारून घ्या, कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 19 नुसार हक्क द्यायचे तर लेखी आणि तुमच्या सहीनेच, मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात. फक्त एक, तुम्ही पेपरात नोकरीला असाल तर हे जसंच्या तसं लागू नाही, तिथे पेपरात छापण्यापुरता हक्क सहसा मालकाचाच असतो, तेव्हा नेमणूकपत्र काढून बघा.