स्नेअर फास्ट नको, आधी साफ वाजव

मार्चिंग बँडमधला स्नेअर ड्रम वाजवतानाचा व्हिडिओ बघितला तुझा. स्पीड आहे रे, पण साफ नाहीये. ताशा वाजवून आलेल्यांचं असंच होतं (मी पण ठाण्यातल्या पथकातूनच आलोय), हातात जोर भरपूर पण काडी किती वर जाते याकडे लक्षच नाही. मार्चिंग स्नेअरमध्ये उंचीवरच आवाज ठरतो, टॅप (हलका ठोका) ३ इंचावर, ॲक्सेंट (जोराचा ठोका) ९ किंवा १२ वर, आणि लाईनमधल्या सगळ्यांचं सेम पाहिजे, नाहीतर नुसता खडखडाट.

तुझी खरी गडबड ॲक्सेंटनंतर होतेय, काडी उसळून वर जाते आणि पुढचा टॅप पण मोठा वाजतो. ॲक्सेंट मारला की काडी खालीच थांबव, पण मूठ आवळून नाही हां, मागची बोटं हलकेच मिटली की थांबते आपोआप. फ्लॅमला (मोठ्या ठोक्याच्या जरा आधी एक बारीक ठोका) पण तेच, ग्रेस नोटची म्हणजे त्या बारीक ठोक्याची काडी आधीपासून खाली हवी.

मेट्रोनोम (टिकटिक करून ताल देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लाव, आरशासमोर बस आणि कंटाळा येईपर्यंत तेवढंच कर. ४० च्या ४० रुडिमेंट्सच्या (ड्रमच्या ठरलेल्या मूळ पाठांच्या) मागे आत्ता लागू नकोस, सिंगल (एकेका हाताने एकेक), डबल (हाताला दोन-दोन), पॅराडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा, मग उलट), फ्लॅम बास झालं. मग उभं राहून कदमताल करत वाजव, डावा पाय तालाच्या एकवर पडला पाहिजे. इथेच भल्याभल्यांची फाटते.

घरी रबरी पॅडच वापर, सोसायटीवाले शांत राहतील. खरा ड्रम घेऊन उपवन तलावावर वगैरे गेलास तर कानात प्लग घाल, केव्हलर हेडचा (ड्रमवरच्या कडक केव्हलर धाग्याच्या पानाचा) आवाज लय टोचतो. आणि मनगट दुखायला लागलं तर तिथल्या तिथे थांब.