स्क्रीनवर जे दिसलं, तेच लिहा

या वेळच्या पत्रांत ‘कॉम्प्युटर बिघडलाय, काय करू?’ एवढ्या एका ओळीची पत्रं बरीच आहेत. त्यांना उत्तर देता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दुरुस्तीच्या टेबलावर यंत्र माझ्यासमोर असतं. पत्रातून मात्र ते मला तुमच्याच डोळ्यांनी बघावं लागतं. तेव्हा स्क्रीनवरची अक्षरं जशीच्या तशी उतरवा, कोणता दिवा लागतो ते लिहा, आणि बिघाडाच्या आदल्या दिवशी काय बदललं होतं तेही. ‘व्हायरस आला’ हा तुम्ही काढलेला निष्कर्ष झाला, मला लक्षण हवंय. पहिलं पत्र कसं लिहिलंय बघा.

प्रश्न : ताई, माझा डेस्कटॉप जुना आहे. हल्ली सकाळी सुरू केला की कुठलीही वेबसाइट उघडताना ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असं येतं. कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षं मागची दिसते. ती दुरुस्त केली की दिवसभर सगळं नीट चालतं. रात्री मी भिंतीवरचं बटण बंद करतो, सकाळी पुन्हा तेच. पुतण्या म्हणतो, व्हायरस आहे, फॉरमॅट मारू.

उत्तर : काका, फॉरमॅट अजिबात मारू देऊ नका. रात्री भिंतीवरचं बटण बंद करता हे तुम्ही लिहिलंत, तिथेच उत्तर मिळालं. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत आतल्या घड्याळाला पॉवर सप्लायमधून थोडी वीज मिळत राहते. बटण बंद झालं की सगळा भार या सेलवर येतो. तुमचा सेल संपलाय, म्हणून रात्रीत घड्याळ मागे जातं.

वेबसाइटचा त्याच्याशी काय संबंध? प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर ते कधीपासून कधीपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं. ब्राउझर ती मुदत तुमच्या कॉम्प्युटरच्या तारखेशी ताडून बघतो. तारीखच मागची असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला ‘अजून सुरूच न झालेलं’ वाटतं आणि तो अडवतो. ब्राउझर त्याचं काम चोख करतोय. असा इशारा आला की आधी तारीख बघायची, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

सेल स्वस्त असतो आणि घरी बदलता येतो. फक्त त्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जच्या पानांत, जाऊन (सुरू होताना बहुधा एफ२ किंवा डिलीट दाबून) सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेल काढल्यावर तिथली सेटिंग्ज पुसली जाऊ शकतात, आणि हार्डडिस्कचा मोड बदलला गेला तर विंडोज सुरूच होत नाही. मग पुतण्याला वाटेल, त्याचंच खरं होतं. फोटो काढले की कॉम्प्युटर बंद करा, वायर भिंतीतून उपसून काढा आणि जुना सेल ज्या बाजूने बसला होता त्याच बाजूने नवा बसवा. मग फोटो बघून सेटिंग्ज जुळवा.

एक गोष्ट या सगळ्याहून महत्त्वाची. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा. एवढा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आत गंभीर भाजतं. मूल हसतखेळत असलं तरी वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

प्रश्न : आई गेली. तिचे सगळे फोटो एका एक्स्टर्नल हार्डडिस्कवर आहेत. ती डिस्क टेबलावरून पडली. आता जोडली की टिक-टिक असा आवाज येतो, मध्येच डिस्क दिसते आणि गायब होते. एका मित्राने दुरुस्तीचं सॉफ्टवेअर दिलंय. चालवू का?

उत्तर : नको. हे वाचताना ती जोडलेली असेल, तर आधी वायर काढा.

आत चकत्या असतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या. त्यांच्यावरून वाचणारं हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. पडल्यामुळे ते हेड दुखावलंय, असं हा आवाज सांगतो. जितका वेळ डिस्क फिरेल तितका चकतीवर ओरखडा उठण्याचा धोका, आणि जिथला थर खरवडला गेला तिथला फोटो कुणालाच परत आणता येत नाही. दुरुस्तीचं सॉफ्टवेअर डिस्क तासन्‌तास फिरवतं, वर त्यावर लिहितंही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्लाही कुणीतरी देईल. तोही ऐकू नका, आत दव साठतं.

डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे जा आणि दोन प्रश्न विचारा : डिस्क धूळमुक्त खोलीत उघडता का? आणि काय-काय परत मिळतंय, त्याची यादी पैसे ठरण्याआधी दाखवता का? गोलगोल उत्तरं मिळाली तर डिस्क तिथे सोडू नका. खर्च मोठा असतो, हे आधीच सांगते. पण घाई करण्याचं कारण नाही. बंद ठेवलेली डिस्क आणखी बिघडत नाही, पैसे जमेपर्यंत ती कपाटात राहू द्या. तोपर्यंत आईचे फोटो नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये, जुन्या मेलमध्ये शोधा. बरेचदा त्यांतले काही तिथे सापडतात.

प्रश्न : बाबांच्या लॅपटॉपवर मोठा आवाज झाला आणि ‘तुमचा संगणक लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा’ असं आलं. त्यांनी फोन केला, समोरच्याने एक ॲप टाकायला लावलं आणि माउस आपोआप हलू लागला. घाबरून त्यांनी लॅपटॉप बंद केला. आता ते त्याला हातच लावत नाहीत.

उत्तर : बंद केला, हे अगदी बरोबर केलं, त्यांना तसं सांगा. आता वायफाय बंद ठेवूनच तो सुरू करा आणि ते ॲप काढून टाका. बँकेला आजच कळवा. मेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, त्या लॅपटॉपवरून नाही. त्या माणसाने आणखी काय टाकलं असेल हे बघून सांगता येत नाही, म्हणून अशा वेळी कागदपत्रांची प्रत काढून विंडोज नव्याने टाकावं. इथे मात्र फॉरमॅट योग्य.

पडद्यावरच्या इशाऱ्यात फोन नंबर दिसला की तो खोटा समजा. मायक्रोसॉफ्टने जाहीर सांगितलंय की त्यांच्या इशाऱ्यात फोन नंबर कधीही नसतो. ते बहुतेक वेळा नुसतं एक वेबपान असतं. ऑल्ट आणि एफ४ दाबा; नाहीच हललं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. बाबांना शेजारी बसवून हे एकदा त्यांच्याच हाताने करून घ्या.

प्रश्न : टीव्हीचा रिमोट गेलाय की टीव्हीच, कसं ओळखायचं?

उत्तर : मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि पॉवरचं बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यात जांभळट लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्याला बरेचदा हा प्रकाश अडवणारा फिल्टर असतो, म्हणून पुढचा. दिवा दिसला तर रिमोट बहुधा ठीक आहे. टीव्हीच्या सेन्सरसमोर काही आडवं आलंय का बघा. नाही दिसला तर सेल बदला आणि स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर असेल तर खरडून काढा.