पहिलंच विंटेज घड्याळ ऑनलाइन घेतोय, ते ओरिजिनल आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की साडेपाच हजारांत फेवरलुबा या स्विस कंपनीचं एक सी चीफ बघून ठेवलंय, 1960 च्या दशकातलं, आकाशी डायल, अगदी कोरं. विक्रेत्यानं 'शंभर टक्के ओरिजिनल, अनुभवी घड्याळजींकडून तपासून घेतलेलं' असं लिहिलंय आणि पैसे भरायच्या आधी खात्री कशी करायची ते तुम्हाला हवंय. माझं सरळ उत्तर: हे घड्याळ घेऊ नका. पन्नास-साठ वर्षं कुणाच्या तरी मनगटावर घाम पिलेलं डायल कोरं राहत नाही. कोरं दिसतंय म्हणजे जुना रंग काढून नवा चढवलाय, आणि आकाशी, पोपटी, नारिंगी असले रंग तर बहुतेक वेळा नव्यानं चढवलेले असतात.

खरं तर तेवढं लिहून थांबणार होते. पण ते 'घड्याळजींकडून तपासून घेतलेलं' वाचलं आणि राहवलं नाही.

आमचे आबा घड्याळजी. कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ एका बोळात जिन्याखाली त्यांचं टेबल होतं. एक काचेचं कपाट, डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, आणि उघडलेल्या मशीनवर धूळ बसू नये म्हणून पालथी घातलेली काचेची वाटी. शाळा सुटली की मी तिथं. झाकणं पेट्रोलनं पुसून ठेवायचं काम माझ्याकडं असायचं, त्यामुळं घड्याळाचं तोंड बघायच्या आधी मला त्याची पाठ बघायची सवय लागली. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत काम करणाऱ्याचं घड्याळ असलं की झाकणाच्या कडेला बारीक काळी वाळू निघायची. झाकणाच्या आतल्या बाजूला आबा सुईनं आपली खूण आणि तारीख कोरायचे. त्याच्या शेजारी आधी दुसऱ्या कुणी कोरलेल्या खुणा असायच्या, मिरजेच्या, बेळगावच्या, कुठल्या कुठल्या. घड्याळ कुठं कुठं फिरून आलंय ते तिथं कळायचं.

डायल रंगवून घेणं तेव्हाही होतं, ते लपवत नाही. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. काच जरा सैल असली की आत वाफ धरते आणि डायलवर काळे-हिरवे डाग पडतात. गिऱ्हाईक म्हणायचं, 'आबा, नवं करून द्या.' मग डायल मुंबईला जायचं आणि चकचकीत होऊन परत यायचं. घड्याळ त्याचं, हौस त्याची, रंगवलंय हे त्याला ठाऊक. त्यात कुणी फसत नव्हतं. आता जो धंदा चालतो तो वेगळा. एका घड्याळाचं मशीन, दुसऱ्याची केस म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, वर रंगवलेलं डायल, आणि खाली 'ओरिजिनल'. जगभरचे घड्याळ जमवणारे या मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणून ओळखतात. आपल्या मुंबईचं नाव अशा कामाला लागावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता आमच्या दाजींचं सांगते. आक्काचे मिस्टर, माणूस चांगला, पण घड्याळातलं आपल्यालाच कळतं असा ठाम समज. त्यांनी ऑनलाइन एक सेइको फाइव्ह घेतलं, जपानी कंपनीचं. नारिंगी डायल, '1970 चं, ओरिजिनल'. फोटो आला तेव्हाच मी म्हटलं, 'दाजी, परत करा.' त्यांचं उत्तर, 'तू काय घड्याळजी हाईस व्हय?' मी काही बोलले नाही. पुढच्या रविवारी ते जेवायला आले. तांबडा-पांढरा झाल्यावर घड्याळ हातातून काढून आबांच्या पुढं ठेवलं. 'आबा, तुम्हीच सांगा.'

आबांचे हात आता थरथरतात, म्हणून झाकण मी उघडलं. सेइकोच्या झाकणावर बाहेरूनच मॉडेलचा नंबर असतो, आणि त्यातले पहिले चार आकडे म्हणजे आतल्या मशीनचा नंबर. झाकणावर 6119. आत मशीन 7009, त्यावर स्वच्छ कोरलेलं, सतरा ज्वेल (मशीनची झीज कमी करणारे बारीक खडे). वर डायलवर छापलंय 21 ज्वेल्स. म्हणजे पाठ एकाची, पोट दुसऱ्याचं आणि तोंड कुणाचंच नाही. खऱ्या सेइकोच्या डायलवर सहाच्या खाली अगदी कडेला बारीक अक्षरात तोच मशीनचा नंबर आणि डायलचा नंबर छापलेला असतो. इथं तिथं नुसता नारिंगी रंग, आणि तारखेच्या खिडकीच्या कोपऱ्यात त्याच रंगाचा साचलेला थेंब. भिंगाचीही गरज नव्हती.

आबांनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, 'मशीन चांगलंय.'

बस्स, एवढंच. जावयाला जेवणाच्या पानावर खोटं कोण पाडणार? दाजींनी ते वाक्य उचललं ते आजतागायत सोडलेलं नाही. 'आबांनी बघितलंय, चांगलंय म्हणालेत.' मी म्हणते, आबा मशीनबद्दल बोलले. मशीन चांगलंच होतं, 7009 दणकट मशीन आहे, तेल-पाणी वेळेवर केलं तर चालतच राहतं. घड्याळ ओरिजिनल आहे असं आबा म्हणालेले नाहीत. यावर दाजींचा ठरलेला सवाल, 'घराला रंग देत न्हाईस व्हय? मग घर खोटं झालं का?' रंग द्या की. पण विकताना 'बांधल्यापासून भिंतीला हात लागलेला नाही' असं तर सांगू नका!

हा वाद घरातल्या घरात राहिला असता तर मी इथं लिहिलंही नसतं. पण मागच्या दिवाळीत दाजींनी तेच घड्याळ विकायला लावलं आणि वर लिहिलं, 'कोल्हापूरच्या जुन्या घड्याळजींकडून तपासलेलं, ओरिजिनल.' आक्कानंच मला दाखवलं. मी फोन करून ते काढायला लावलं. त्यांनी काढलं, पण आक्का त्यानंतर महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. माझं अजूनही तेच म्हणणं आहे. ज्या माणसानं आयुष्यभर झाकणाच्या आत आपली खूण कोरली, म्हणजे केलेल्या कामाची जबाबदारी घेतली, त्याची पुण्याई अशा मालाला चिकटवायची नाही.

म्हणून तुमच्या विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: तपासलं म्हणजे काय तपासलं? चालतंय का ते बघितलं, की डायल, काटे, केस, मशीन एकमेकांचे आहेत का ते? बहुतेक वेळा पहिलंच असतं. चालतं घड्याळ आणि अस्सल घड्याळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग फोटो मागा. झाकण उघडून मशीनचा, झाकणाच्या आतल्या बाजूचा, आणि डायलचा उजेडात जवळून. 'झाकण उघडलं तर वॉटरप्रूफ जाईल' असं कुणी म्हणालं तर बोलणं तिथंच संपवा, इतक्या जुन्या घड्याळाचं वॉटरप्रूफ कधीच गेलेलं असतं. फेवरलुबाच्या मशीनवर साधारणपणे कंपनीचं नाव कोरलेलं असतं, ते दिसायला हवं. 1737 पासूनची स्विस कंपनी, आपल्याकडं मुंबईतून पिढ्यान्‌पिढ्या विकली गेलेली, म्हणूनच तिच्या नावावर एवढा माल रंगवला जातो. डायलवरची अक्षरं बघा. कंपनीची छपाई बारीक आणि धारदार असते, रंगवणाऱ्याची जाड आणि पसरट. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांसमोर नेमक्या येतात का बघा. काट्याची लांबी त्या रेघांपर्यंत पोचायला हवी, मध्येच संपणारा काटा दुसऱ्या घड्याळाचा. आणि अंधारात हिरवं चमकतंय म्हणून खूश होऊ नका. त्या काळच्या स्विस घड्याळांच्या चमकणाऱ्या लेपात ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य असायचं, ते साधारण बारा वर्षांत निम्मं होतं. आज लखलख चमकतंय म्हणजे लेप नवा आहे. त्याहून जुन्या घड्याळांत रेडियमचा लेप असायचा, तोही किरणोत्सारी, म्हणून तो घरी खरवडायच्या भानगडीत पडू नका.

पहिलंच घड्याळ असेल तर माझं ऐका, एचएमटी घ्या. 1961 ला सिटिझनच्या सहकार्यानं बेंगळुरूत सुरू झालेला कारखाना, जनता आणि पायलट ही त्यांची चावीची मॉडेलं, सतरा ज्वेल, साधं मशीन. कुठलाही जुना कारागीर ते डोळे झाकून उघडतो आणि सुटे भाग अजून मिळतात. 2016 ला सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली, त्याच्या आसपास भाव चढले आणि पायलटचीही रंगवलेली डायलं बाजारात आली, तेव्हा तिथंही वरचं सगळं बघायचंच. पण जनता घ्या, पिवळट पडलेल्या डायलची, कडेला एखादा डाग असलेली. दाजींसारखे लोक 'हे कसलं जुनाट' म्हणतील. म्हणू द्यात.

पैसे साइटवरूनच भरा. 'थेट पाठवा, पाचशे कमी करतो' म्हणणाऱ्याला नको म्हणा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, परत करायची मुदत संपायच्या आत घड्याळजीकडं जाऊन झाकण उघडून घ्या आणि सर्व्हिसिंगचे पैसे आधीच बाजूला ठेवा. 'फक्त सर्व्हिसिंग लागेल' असं लिहिलेलं स्वस्त घड्याळ आपल्या भागातून येत असेल तर आत गंज आहे का ते खास बघा. 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी गेलेली कितीतरी घड्याळं इथं कपाटातून निघाली, आणि बॅलन्सच्या, म्हणजे वेळ राखणाऱ्या झुलत्या चाकाच्या, बारीक स्प्रिंगला गंज लागला की ती दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते.

एक राहिलं. न वापरता दुकानातच पडून राहिलेली खरीखुरी कोरी घड्याळंही अधूनमधून निघतात, त्यामुळं प्रत्येक स्वच्छ डायल खोटंच असं नाही. तसं फेवरलुबा साडेपाच हजारांत मात्र सहसा मिळत नाही. आणि रंगवलेलं आहे हे ठाऊक असून तुम्हाला तो आकाशी रंगच आवडला असेल, तर घ्या खुशाल, मात्र रंगवलेल्याच्या भावात. तुम्ही फोटो दिलेला नाही, म्हणून मी वर्णनावरून बोलले. विक्रेत्यानं मशीनचा फोटो पाठवला तर इथं खाली टाका, आबांना दाखवून सांगते. त्यांचा जावई समोर नसला की ते स्पष्ट बोलतात.